मिसो घालून भाज्यांचं झटपट सूप: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं काही नाही वाचलं तरी तुमचं सूप बिघडणार नाही: मिसो, म्हणजे सोयाबीनची मुरवलेली जपानी पेस्ट, सगळ्यात शेवटी टाकायचा आणि तोही गॅस बंद केल्यावर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नेमकं उलटं केलं होतं. पातेल्यात पाणी, भाज्या, त्यातच दोन मोठे चमचे मिसो, वरून हाताच्या सवयीने मीठ, आणि मग वीस मिनिटं खदखदा उकळवलं. तयार काय झालं तर खारट पाणी, तळाला गाळ आणि वास म्हणावा तर काहीच नाही. मिसोचा तो डबा मी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलला आणि दोन महिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डब्याची काही चूक नव्हती हे नंतर कळलं.

आता हे सूप मी आठवड्यातून तीन-चारदा करतो, कारण खरंच पंधरा मिनिटांत होतं, आणि फ्रिजमध्ये अर्धं गाजर, चार मश्रूम, कोबीचा उरलेला तुकडा असं जे काही पडलेलं असतं ते सगळं मार्गी लागतं.

मिसो म्हणजे नक्की काय

सोयाबीन शिजवून, ठेचून, त्यात मीठ आणि कोजी मिसळून मुरत ठेवलेली पेस्ट. कोजी म्हणजे भातावर, बार्लीवर किंवा सोयाबीनवरच मुद्दाम वाढवलेली बुरशी, शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. बुरशी म्हटल्यावर नाक मुरडू नका, सगळं काम तीच करते. तिच्यातली एन्झाइम्स सोयाबीनमधल्या प्रोटीनचे तुकडे करून अमिनो आम्लं बनवतात आणि स्टार्चची साखर करतात, म्हणून मिसो नुसता खारट लागत नाही, थोडा गोडसर आणि भरीव लागतो. त्या भरीव चवीला जपानीत उमामी म्हणतात. टोक्योच्या किकुनाए इकेदा नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि ही चव त्याची आहे हे दाखवलं, नावही त्यांनीच दिलं. मिसोमध्येही तेच ग्लुटामेट भरपूर असतं.

दुकानात गेलात की दहा रंगांचे मिसो दिसतात आणि नवीन माणूस गोंधळतो. ढोबळमानाने एवढं लक्षात ठेवा, रंग जितका फिकट तितका तो कमी दिवस मुरलेला, आणि जितका गडद तितका जास्त दिवस. शिरो म्हणजे पांढरा, आका म्हणजे लाल, आवासे म्हणजे दोन किंवा जास्त मिसो एकत्र केलेला. क्योटोकडचा साइक्यो हा पांढरा मिसो चांगलाच गोड असतो, त्यात मीठही बरंच कमी. नागानोकडचा शिन्शू फिकट पिवळा, चवीला मधला. आणि दुसऱ्या टोकाला आइची प्रांतातल्या ओकाझाकीचा हात्चो, जो फक्त सोयाबीनचा असतो, तांदूळ-बार्ली काही नाही, मोठ्या लाकडी पिंपांत वर दगडांचा ढीग रचून दोन वर्षांहून जास्त मुरवतात, रंग जवळजवळ चॉकलेटी आणि चव अशी जबरदस्त की नवख्या माणसाला पहिल्या घोटात झेपत नाही.

पहिला डबा घेताना शिन्शूसारखा पिवळा किंवा आवासे घ्या. लाल नंतर.

आणि घेताना लेबल वाचा, कंटाळा करू नका. काही मिसोमध्ये दाशी, म्हणजे स्टॉक, आधीच मिसळलेली असते आणि ती बहुतेकदा बोनिटो माशाची असते. तुम्ही शाकाहारी असाल तर समोर नुसतं मिसो लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, मागे घटक बघा. ग्लुटेन चालत नसेल तर बार्लीचा मिसो, ज्याला मुगी मिसो म्हणतात, तो टाळा, आणि बाकीच्यांचीही यादी बघाच. घटकांत अल्कोहोल लिहिलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, डब्यात मुरण्याची क्रिया चालू राहून पॅकेट फुगू नये म्हणून ते अगदी थोडं घालतात.

आधी पाणी, म्हणजे दाशी

इथे लोक अडतात. इंटरनेटवर दाशीबद्दल एवढं लिहिलेलं असतं की माणूस सूप करायच्या आधीच थकतो. पण वेळ असेल तर ही गोष्ट फार सोपी आहे: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबूचा तुकडा अर्धा तास भिजत ठेवा, मग मंद आचेवर गरम करा आणि पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की तुकडा बाहेर काढा, उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि किंचित कडवट होतं. कोंबूवर पांढरी पावडर दिसते ती बुरशी नाही, तिच्यातही चव असते, धुवून टाकू नका, ओल्या फडक्याने हलकं पुसलं तरी पुरे. त्याहून सोपं म्हणजे रात्री झोपताना बाटलीत पाणी, कोंबू आणि दोन सुके शिताके मश्रूम टाकून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी स्टॉक तयार, गॅससुद्धा लावायचा नाही.

कोंबू आणि शिताके एकत्र का, तर दोघांमधले उमामीचे पदार्थ वेगवेगळे आहेत. कोंबूत ग्लुटामेट, सुक्या शिताकेत ग्वानिलेट, आणि हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्यापेक्षा कितीतरी वाढते. अकिरा कुनिनाका यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी हे शोधून काढलं. जपानमध्ये बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात मासे चालत नाहीत, तिथे याच जोडीवर काम भागवतात.

आणि वेळ नसेल, घरात कोंबू नसेल तर? तर साधं पाणी घ्या. खरंच सांगतो, भाज्या भरपूर असतील तर चालतं. कांदा, टोमॅटो, मश्रूम यांच्यात स्वतःचीच उमामी आहे. फक्त मग एक करा, कांदा आणि मश्रूम आधी पातेल्यात चमचाभर तिळाच्या तेलावर दोन-तीन मिनिटं परता, कडा जरा सोनेरी होऊ द्या आणि मग पाणी ओता. जपानमधलं केनचिनजिरू नावाचं भाज्यांचं सूप असंच आधी भाज्या तेलावर परतून करतात, कामाकुराच्या केनचोजी मठातून ते आलं असं म्हणतात. इन्स्टंट दाशी पावडरही मिळते पण तिच्यात बहुतेकदा मीठ असतं, तेव्हा ती वापरली तर मिसो कमी करा.

भाज्या: आकार आणि क्रम

हे प्रमाण ४ बाउलचं आहे: पाणी किंवा दाशी ८०० मिली, चिरलेल्या भाज्या साधारण ४०० ग्रॅम, मिसो ३ टेबलस्पून. एकट्यासाठी करत असाल तर सगळं चारने भागा.

४०० ग्रॅम जास्त वाटतील पण मुद्दाम सांगतोय. रेस्टॉरंटमध्ये मिळतं तसं वाटीभर पाण्यात टोफूचे चार तुकडे आणि शेवाळाची दोन पानं असं करायचं नाहीये आपल्याला. जपानी घरांत भरपूर भाज्या घातलेल्या अशा सूपला गुदाकुसान म्हणतात. त्याचा फायदा असा की बाउलमध्ये भाज्यांनी जागा व्यापली की पाणी कमी बसतं, पाणी कमी म्हणजे मिसो कमी आणि मिसो कमी म्हणजे मीठ कमी, शिवाय पोटही भरतं.

झटपट व्हायचं रहस्य गॅसवर नसून चिरण्यात आहे. गाजर, मुळा, बटाटा हे सगळं ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. गाजराचे उभे चार भाग करून मग आडव्या पातळ चकत्या पाडल्या की त्या चमच्यात नीट बसतात आणि सहा-सात मिनिटांत शिजतात. तेच गाजर अंगठ्याएवढ्या तुकड्यांत कापलंत तर पंधरा-वीस मिनिटं उभे राहाल आणि तोपर्यंत कोबीचा लगदा झालेला असेल.

क्रम असा. जमिनीखाली वाढणारं सगळं, म्हणजे गाजर, मुळा, बटाटा, रताळं, हे गार पाण्यातच टाका आणि मग गॅस लावा, म्हणजे आतून बाहेरून सारखं शिजतं. पाण्याला उकळी आली की आच कमी करा आणि वर फेस येईल तो चमच्याने काढून टाका. पाच मिनिटांनी कांदा, भोपळा, ब्रोकोलीचे छोटे तुरे. अजून दोन मिनिटांनी कोबी आणि मश्रूम. मऊ टोफू असेल तर दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून आता हळूच सोडा आणि त्यानंतर जोरात ढवळू नका, कारण तो लगेच मोडतो. सुकं वाकामे शेवाळ घालणार असाल तर चिमूटभरच, मी एकदा मूठभर टाकलं होतं, पाण्यात ते इतकं फुगतं की झाकण उचलल्यावर पातेल्यात तलाव दिसत होता. पातीचा कांदा आणि कोवळ्या पालेभाज्या अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटाला.

पालक मात्र वेगळ्या पाण्यात मिनिटभर उकळून, पिळून मग घातलेला बरा. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे जीभ खरखरीत झाल्यासारखी वाटते आणि सूपचा रंगही हिरवट होतो. वांगं सरळ टाकलं तर सालीचा रंग उतरून सूप राखाडी दिसतं, ते आधी तेलावर परता. बीट नकोच, हे माझं मत.

बटाटा-कांदा-वाकामे ही जोडी चुकत नाही. भोपळा किंवा रताळं घातलं की सूप गोडसर होतं, तिथे लाल मिसो चांगला लागतो, गोडावर गोड पांढरा मिसो मला तरी नाही आवडत. टोमॅटो आणि मिसो ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा, टोमॅटोची फोड शेवटच्या दोन मिनिटांत टाकायची, साल सुटायला लागली की झालं.

गाजराचा तुकडा चमच्याने दाबल्यावर सहज तुटला म्हणजे भाज्या झाल्या. आता गॅस बंद.

मिसो विरघळवणं

गॅस बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. बुडबुडे पूर्ण शांत व्हायला हवेत. मग एक पळी सूपमध्ये अर्धी बुडवा, तिच्यात एक टेबलस्पून मिसो ठेवा आणि चमच्याच्या पाठीने पळीच्या कडेला घासत घासत विरघळवा. आधी तो मातीच्या गोळ्यासारखा बसून राहतो, मग कडेने सुटायला लागतो, दाट पेस्ट होते, मग त्यात अजून थोडं गरम पाणी येऊ द्यायचं आणि पातळ झालं की पातेल्यात सोडायचं. गोळा थेट पातेल्यात टाकला तर तो बटाट्याच्या खाली जाऊन लपतो, आणि मग एकाला खारट घास आणि बाकीच्यांना नुसतं पाणी. चहाची बारीक गाळणी असेल तर पळीऐवजी ती पाण्यात धरा आणि तिच्यातून मिसो घासून घ्या, जपानमध्ये यासाठी वेगळी गाळणीच मिळते. गाळणीत तांदळाचे किंवा सोयाबीनचे कण राहतात, ते टाकायचे की सूपमध्ये घालायचे ही तुमची मर्जी, मी घालतो.

तीनही चमचे एकदम टाकू नका. दोन टाका, चव बघा, मग तिसरा. प्रत्येक मिसोचा खारटपणा वेगळा असतो, पांढऱ्या गोड मिसोत ५-६ टक्के मीठ असतं तर नेहमीच्या पिवळ्या-लाल मिसोत १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरळ दुप्पट फरक. आणि वेगळं मीठ अजिबात नाही. हे मी अजूनही स्वतःला बजावतो.

उकळवायचं का नाही, याचं उत्तर बहुतेक लोक चांगले बॅक्टेरिया मरतात असं देतात. ते अर्धंच खरं आहे. गरम सूपमध्ये बहुतेक जिवंत जंतू तसेही टिकत नाहीत, आणि दुकानातले बरेच मिसो पॅकिंगच्या वेळीच गरम केलेले असतात, त्यामुळे प्रोबायोटिकची फार आशा धरून हे सूप पिऊ नका. खरं कारण आहे वास. मिसोचा सुगंध ज्या पदार्थांमुळे येतो ते पटकन उडून जातात, दोन मिनिटं खळखळलं की स्वयंपाकघरभर वास आणि बाउलमध्ये काहीच नाही. जपानीत यासाठी निएबाना असा शब्द आहे, मिसो घातल्यावर सूप उकळीच्या अगदी काठावर असतं आणि वास सगळ्यात जास्त असतो तो क्षण. तेव्हा जेवणारी माणसं आधी बसवा, मग मिसो घाला.

बाउलमध्ये ओतल्यावर एक मिनिट नुसतं बघा. मिसोचे कण ढगांसारखे तळातून वर येतात, पसरतात आणि कडेने पुन्हा खाली जातात. वरचा थर गार होऊन जड होतो आणि बुडतो, खालचा गरम वर येतो, ते चक्र मिसोमुळे डोळ्यांना दिसतं. ढग हलायचे थांबले आणि गाळ खाली बसला की सूप निवलं समजा. चॉपस्टिकने किंवा चमच्याने एकदा हलवून प्यायचं, गाळ खाली राहिला तर चवही खालीच राहते.

हेल्दी आहे, पण किती

वरच्या प्रमाणात एका बाउलमध्ये साधारण दीड ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एका बाउलमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. एक बाउल ठीक, तीन नको. ब्लड प्रेशर असेल तर भाज्या वाढवा, मिसो दोन चमच्यांवर आणा आणि वरून आल्याचा कीस किंवा भाजलेले तीळ घाला, खारटपणाची कमतरता जाणवत नाही. प्रोटीनसाठी मिसोवर अवलंबून राहू नका, एका बाउलमध्ये जाणाऱ्या मिसोत ते दीड ग्रॅमच्या आसपासच असतं. टोफू घाला, किंवा मिसो घालायच्या आधी हळू उकळत्या सूपमध्ये अंडं फोडून सोडा आणि झाकण ठेवून तीन मिनिटं थांबा.

सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर हे सूप तुमच्यासाठी नाहीच. थायरॉइडचा त्रास असेल तर कोंबू रोज वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यात आयोडीन प्रचंड असतं, आणि डिप्रेशनवरची एमएओ इनहिबिटर प्रकारची औषधं चालू असतील तरी विचारा, मुरवलेल्या सोयाबीनच्या पदार्थांत टायरामिन असतं आणि ते या औषधांशी जुळत नाही.

उरलं तर, आणि डबा कसा ठेवायचा

उरलेलं सूप पुन्हा गरम करताना वाफ दिसायला लागली की बंद. पण त्यापेक्षा चांगली आयडिया म्हणजे भाज्यांचं पाणी मिसो न घालताच मोठ्या पातेल्यात करून ठेवायचं, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, लागेल तेवढं काढून गरम करायचं आणि प्रत्येकाच्या बाउलमध्ये अर्धा-पाऊण टेबलस्पून मिसो वेगळा विरघळवायचा. बटाटा आणि टोफू तेवढे ताजे घाला.

मिसोचा डबा उघडल्यावर फ्रिजमध्ये. वरून कागद किंवा प्लास्टिक फिल्म मिसोला चिकटेल अशी दाबून बसवा, हवा नको. चमचा कोरडा आणि स्वच्छ. काही महिन्यांनी रंग गडद झाला तर तो खराब नाही झाला, अमिनो आम्लं आणि साखर यांची क्रिया चालूच असते त्यामुळे रंग बदलतो आणि चव थोडी उग्र होते. फ्रीझरमध्ये ठेवलात तरी चालतं, मिठामुळे घरच्या फ्रीझरमध्ये तो दगडासारखा गोठत नाही, सरळ चमच्याने काढता येतो.

आणि ऑफिसला न्यायचं असेल तर मिसोदामा करा, म्हणजे मिसोचे गोळे. एक टेबलस्पूनपेक्षा जरा कमी मिसो, त्यात चिमूटभर सुकं वाकामे, बारीक चिरलेला पातीचा कांदा, भाजलेले तीळ आणि सुक्या शिताकेची पावडर, दाशीचं काम तीच करते. सगळं मळून गोळा करायचा आणि प्लास्टिक फिल्ममध्ये पुरचुंडी बांधायची. फ्रिजमध्ये आठवडाभर आणि फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. मगमध्ये गोळा टाकायचा, आधी दोन-तीन चमचे गरम पाणी घालून नीट कालवायचा आणि मग १६० मिलीपर्यंत पाणी भरायचं. सगळं पाणी एकदम ओतलं तर गोळा तळाशीच बसून राहतो आणि शेवटचा घोट समुद्राचा निघतो.